लोटननानांची पंगत

जळगावात आमच्या मेहरूणच्या गल्लीत कोणाकडे पाहुणा आला की आधी लोटननानांना कळायचं आणि मग अख्ख्या गल्लीला. नाना ओट्यावर बसलेले असायचे. रिक्षा वळली की घसा साफ करायचे आणि नाकातून सूर काढून सांगायचे, "भुसावळहून आलेली चौधरीबाईंची नणंद त्यांच्या दारासमोर उभी आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी." नणंद बिचारी पदर सावरत आत पळायची.

नानांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत, माईकसमोर गेली. नाना निवृत्त झाले, तो आवाज काही झाला नाही. वरणात मीठ कमी पडलं तर अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते सरळ सांगायचे नाहीत. "आजच्या वरणात मीठ उशिराने धावत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी." अक्का मिठाची बरणी त्यांच्या पुढ्यात आदळायच्या आणि म्हणायच्या, "घ्या नोंद." हे मी वर्षानुवर्षं ऐकलं, कारण त्यांच्याच घराच्या खालच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. ते वर, मी खाली, मधे एक जिना.

माझा स्वभाव तापट आहे. एकच गोष्ट परत परत सांगावी लागली की माझं डोकं फिरतं, आणि क्लास चालवणाऱ्या बाईला दिवसभर तेच करावं लागतं. त्यात एके दिवशी हा म्हातारा वहाणा दाराबाहेर काढून आत आला. जिन्यावर भेटले की नाना मला बेटा म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "मॅडम, मला शिकवा."

"काय शिकायचंय नाना? टायपिंग?"

"टायपिंग बी शिकू. पण आमचा सुरतचा हिरालाल म्हणतो, या यंत्रात गावोगावची माणसं एका कागदावर बसून लिहू शकतात. खरं का?"

"खरं आहे."

"एकाच वेळी?"

"एकाच वेळी."

नाना पडद्याकडे बघत बसले. पोरं टकाटका टाइप करत होती. मग नाना म्हणाले, "मग आमचं गाव बसेल."

त्यांचं गाव तापीकाठचं. धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. माणसं पांगली. कोणी जळगावला, कोणी धुळ्याला, कोणी सुरतेच्या मिलमध्ये, कोणी पुण्याला. कागदावर गावाचं नाव काय होतं ते नाना क्वचितच घ्यायचे. म्हणायचे, जुनं गाव. त्यांना एकच हवं होतं. कोणतं घर कोणाचं, कोणाच्या ओट्याला लागून कोणाची भिंत, पाणवठ्याची वाट कुठून, हे घराघराने लिहून निघावं. "आम्ही म्हातारे मेलो की ते दुसऱ्यांदा बुडेल," असं ते अगदी साध्या आवाजात बोलले. माईकचा आवाज नव्हता तो.

मग शिकवलं. सोपं नव्हतं. नाना एका बोटाने टाइप करायचे, आणि प्रत्येक अक्षर दाबण्याआधी मोठ्याने पुकारायचे, त्यामुळे माझी बाकीची पोरं त्यांचंच टाइप करून बसायची. माऊसवर त्यांचा हात घामेजायचा. मी ओरडायचे. ते मान हलवायचे, रागवायचे नाहीत, आणि हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी रुमालात मेहरूणची बोरं बांधून आणायचे. ती बोरं टेबलावर ठेवली की मला पुढे ओरडता यायचं नाही. त्यांना हे चांगलं माहीत होतं, असा माझा दाट संशय आहे.

पुण्याच्या मुलाने, रवींद्रने, त्यांना वर घरातच एक कॉम्प्युटर घेऊन दिला. फाईल तयार झाली. नानांनी वर लिहिलं, "जुनं गाव". खाली गल्ल्या. हिरालाल आला, धुळ्याचे दोघे आले, कोणाची पुण्याची सून सासूला विचारून लिहू लागली. रोज दुपारी चारला सगळ्यांनी बसायचं असं ठरलं. चार वाजले की वरून नानांचा आवाज यायचा, "सुरतहून हिरालाल आलेला आहे. धुळ्याहून रतनभाऊ येत आहेत." आणि मग खास ठेवणीतलं, "बठ्ठा उनात का?" म्हणजे सगळे आले का.

एकदा मी वर जाऊन ती फाईल पाहिली आणि कपाळाला हात लावला. वरच्या आळीच्या वर्णनात, दोन घरांच्या मधे, लिहिलेलं होतं, "या हिरालाल, बसा. पाणी घ्या. सुरतेत ऊन कसं आहे?" त्याखाली हिरालालचं उत्तर, "ऊन बरं आहे. चहा झाला." मग परत पुढचं घर.

"नाना, हे काय? हे कागदात कशाला लिहिता? बोलायला बाजूला वेगळी चौकट आहे ना. तिथे बोला."

त्यांनी ती चौकट उघडून पाहिली. "ही बाजूला आहे."

"हो, बाजूलाच असते."

"माणूस पुढच्या दाराने आला, आणि मी त्याला मागच्या दाराशी नेऊन या म्हणू?"

मी वाद घातला. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. शिवाय कोणाचं लिहिलेलं खोडायचे नाहीत. महादेवाच्या देवळासमोर निंब होता असं एकाने लिहिलं, दुसऱ्याने पिंपळ लिहिला. मी म्हटलं, एक खोडा. नाना म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचा शब्द मी खोडू? राहू द्या दोन्ही झाडं. सावली जास्त पडेल." दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं वाक्यही ते पुरं करायचे नाहीत. त्याचं आहे, तो येईल तेव्हा करेल, म्हणायचे.

पण खरी गंमत, आणि तिला गंमत म्हणताना आता माझ्या जिवावर येतं, ती पंगतीची. एका संध्याकाळी अक्का खाली येऊन माझ्यावरच तडकल्या. "काय शिकवलं गं तू याले? जेवण निवी गयं, गार झालं, उठत नाही." मी वर गेले. नाना हात मांडीवर ठेवून पडद्यासमोर बसलेले, काही लिहीत नव्हते.

"काय झालं नाना?"

"ती पुण्याची सून अजून बसलेली आहे. तिचं नाव दिसतंय वर."

"अहो, ती फाईल उघडी ठेवून कुठेतरी गेली असेल. भाजी आणायला गेली असेल. ती तिथे नाही, फक्त नाव आहे."

"नाव आहे म्हणजे ती आहे," नाना म्हणाले. "वरण-बट्टीची पंगत बसली, शेजारचा जेवतोय, आणि आपण आपलं ताट सारून उठायचं? कोणी वळण लावलं का नाही?"

त्या दिवशी मी खूप हसले. एवढंच नाही, त्यांचा पडदा थोड्या वेळाने काळा व्हायचा, तर त्यांना तेही खपायचं नाही. पंगत बसलेली असताना दिवा कोण मालवतं, म्हणायचे. शेवटी वैतागून मी त्यांच्या मशीनवर तशी सोय करून दिली, की पडदा कधी आपोआप विझणारच नाही. इन्व्हर्टर होताच. वीज गेली तरी नानांचं नाव फाईलवर टिकून राहायचं.

खालची आळी मात्र कोरी होती. नदीकडची ती आळी. नानांना तिथलं फारसं आठवत नव्हतं, ते लहान होते. कोणाला आठवतं, असं विचारलं की विषय बदलायचे. अक्कांनीच मला सांगितलं. नानांचा मोठा भाऊ आहे, झुलालआबा. शिरपूरला असतात. त्यांना खालची आळी दगडादगडाने पाठ आहे. पण भाऊ-भाऊ बोलत नाहीत.

झालं होतं ते असं. गाव उठायचं ठरलं तेव्हा त्यांचे वडील हटून बसले, मी हलणार नाही. आबा मोठे. त्यांनी एका सकाळी बैलगाडी आणली आणि घराचं पुढचं दार चौकटीसकट काढून गाडीवर घातलं. नव्या जागी लावायला. वडील दार नसलेल्या उंबऱ्यावर दिवसभर बसून राहिले, जेवले नाहीत. त्याच उन्हाळ्यात ते गेले, पाणी यायच्या आधी. तेराव्याला नाना सगळ्यांसमोर आबांना म्हणाले, "तू दार काढलं, म्हणून बा गेला." त्यानंतर बोलणं बंद. सगळी नोकरीभर नानांनी माईकवर पुकारलं, "एरंडोल, पारोळा, धुळेमार्गे शिरपूरला जाणारी गाडी लागलेली आहे," आणि एकदाही त्या गाडीत बसले नाहीत. ते दार अजून आबांच्या शिरपूरच्या घराला आहे म्हणे. सगळ्या गावातली तेवढीच एक वस्तू उरलेली.

आबांना फाईलचं कोणी सांगितलं कोण जाणे, हिरालालनेच असणार. एका दुपारी चारला वर पुकारा सुरू झाला, सुरतहून अमुक, धुळ्याहून तमुक, आणि मधेच आवाज थांबला. मला वाटलं नानांना ठसका लागला. वर गेले. पडद्यावर नवं नाव होतं. झुलाल. नानांचं नोंद घ्यावी नाही, या बसा नाही. खालच्या कोऱ्या आळीत एकेक अक्षर उमटत होतं. पहिलं घर लोहाराचं. ओट्याला दोन पायऱ्या. नाना वाचत होते आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मी आले तशी खाली गेले.

पुढे महिनाभर दोघं भाऊ रोज त्या फाईलवर बसले. एकमेकांना एक शब्द लिहिला नाही. आबा खालची आळी लिहायचे, नाना वाचायचे. आणि मग उठायची वेळ आली की उठायचं कोणी? नाना धाकटे, मोठा भाऊ पंगतीत असताना धाकटा उठत नाही. एका दिवेलागणीला मला शिरपूरहून फोन आला. आबांची नात वैशाली, आबांना तीच फाईल उघडून द्यायची. तिने हिरालालकडून माझा नंबर मिळवला होता.

"मॅडम, तुमचे नाना कधी उठतात हो? आमचे आबा म्हणतात, लोटन अजून जेवतोय, त्याच्या आधी ताट कसं सारू. त्यांच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्यात."

"अगं, नाना म्हणतात मोठा भाऊ अजून बसलाय."

आम्ही दोघी फोनवर हसत सुटलो. दोन म्हातारे, एक जळगावात आणि एक शिरपुरात, दोघांचं लिहून कधीच संपलेलं, आणि दोघंही दुसरा उठायची वाट बघत उपाशी. त्या दिवसापासून आमचं ठरलं. संध्याकाळी ती फोन करायची, मी वर जायचे, "चला नाना, आबा उठले," म्हणायचे, तिकडे ती म्हणायची, "आबा, नाना उठले," आणि आम्ही एकदम दोन्हीकडे फाईल बंद करायचो. दोघांचा मान राहायचा.

खालची आळी संपली. वरची संपली. देवळाची संपली. राहिलं फक्त एक घर, त्यांचं स्वतःचं. मी नानांना विचारलं, हे का कोरं?

"घर मोठ्याने सांगायचं असतं. आबा लिहील."

आबा लिहीत नव्हते. वैशाली म्हणाली, ते म्हणतात लोटन लिहील, आरोप त्याने केलाय, आता घरही त्यानेच सांगावं. रोज चारला दोघांचे कर्सर त्या कोऱ्या ओळीवर येऊन उभे राहायचे, एक वर, एक खाली.

"मग लिहून टाका ना नाना," मी म्हटलं. "संपवा एकदाचं."

"लिहायला बसलो की पहिलं दार येतं, बेटा. आणि दार आलं की बा येतो उंबऱ्यावर." मग म्हणाले, "मी तेव्हा बोललो ते बरोबर होतं का चूक, हे मलाच आतापर्यंत ठरत नव्हतं. आता थोडं थोडं ठरायला लागलंय."

काय ठरलंय ते मी विचारलं नाही. खाली बॅच बसली होती.

वैशाखातली दुपार होती. अक्कांनी वरून हाक मारली ती नेहमीसारखी नव्हती. मी गेले तेव्हा नाना खुर्चीतून एका बाजूला कलंडले होते, हात कीबोर्डवरून घसरलेला. शेजारच्यांनी उचललं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. धावपळीत कॉम्प्युटरकडे कोणाचं लक्ष जाणार? दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गेले. रवींद्र पुण्याहून निघाला होता, त्याच्यासाठी थांबायचं ठरलं. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "शिरपूरले फोनवर सांगू नका. मोठा भाऊ शे. माणूस पाठवा."

मी आतल्या खोलीत गेले. पडदा चालू होता. मीच करून ठेवलेली सोय. फाईल उघडी होती, वर नानांचं नाव, शेजारी झुलालआबांचं. आणि त्या कोऱ्या ओळीवर नानांनी लिहिलेलं होतं, "आमनं घर. दार आबानी काढं, म्हनीसन". म्हनीसन, म्हणजे म्हणून. त्यापुढे काही नाही. कर्सर तिथेच लुकलुकत होता.

मी खुर्चीत बसले. म्हणून काय? म्हणून बा गेला? तेराव्याला बोलले होते तेच? की म्हणून ते दार वाचलं, गावातलं काहीतरी उरलं? मला वाटत होतं की दुसरंच असणार. अजूनही वाटतं. पण मला वाटून काय उपयोग. बोटं कीबोर्डवर ठेवली. दोन शब्द लिहायचे होते, दार वाचलं. तिकडे शिरपूरला ते नानांच्या नावानेच उमटले असते, एकेक अक्षर, आणि एक म्हातारा माणूस मोकळा झाला असता. कोणाला कळलं नसतं. मी हात मागे घेतला. ज्या माणसाने दुसऱ्याचं वाक्य कधी पुरं केलं नाही, त्याचं वाक्य मी कुठल्या तोंडाने पुरं करणार होते?

तेवढ्यात फोन वाजला. वैशाली.

"मॅडम, काल तुम्ही फोनच उचलला नाही. आबा मध्येच झोपले थोडं, सकाळी उठून परत बसलेत. नानांचं नाव अजून आहे म्हणतात. चहाही घेत नाहीयेत." आणि मागून आबांचा आवाज आला, "दे इकडे." ते फोनवर आले. मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आवाज अगदी नानांसारखा, फक्त माईक नसलेला.

"लोटन लिखता लिखता थांबना," ते म्हणाले. "म्हनीसन लिखं, आनि थांबना. विचार करी ऱ्हायना व्हई. मी बठेल शे, त्याले सांग. घाई नही."

भाऊ विचार करत असेल, म्हणून ते बसून राहिले होते. मी एवढंच म्हणाले, "आबा, तुम्ही या."

आबांनी पडद्याकडे पाहिलं असावं. मग म्हणाले, "नाव तं दिसी ऱ्हायनं त्यानं."

"या तुम्ही, आबा."

"गाडी कितला वाजता शे?" त्यांनी विचारलं. ज्याला जळगावच्या सगळ्या गाड्या पाठ होत्या तो माणूस बाहेरच्या खोलीत निजवलेला होता. मी म्हटलं, मिळेल ती पकडा.

संध्याकाळी आबा आले. वैशालीचा हात धरून. नानांच्या पायाशी उभे राहिले, रडले नाहीत. लोक म्हणाले, मोठा माणूस, कठीण आहे. मला ते तसं वाटलं नाही. स्मशानातून परतल्यावर अंघोळ करून ते आतल्या खोलीत आले आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले. नाकावर चष्मा चढवून ती ओळ वाचली. काल तिकडून वाचली होतीच. परत वाचली. मग माझ्याकडे वळले.

"म्हनीसन काय, बेटा?"

बेटा म्हणाले. नानांसारखंच. मी म्हटलं, "मला माहीत नाही, आबा."

"तुले काही बोलना व्हता का?"

"ठरायला लागलंय, एवढंच म्हणाले होते. काय ते नाही सांगितलं."

ते पडद्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "आबा, तुम्हीच लिहा पुढचं. घर मोठ्याने सांगायचं असतं, असं नाना म्हणायचे."

"घर सांगतू," आबा म्हणाले. "पन हाई त्यानं वाक्य शे. मी कसं पुरं करू?" मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, जड अंगाने उभे राहिले, आणि म्हणाले, "कर बंद. त्यानं झायं."

त्याचं झालं. मी नानांच्या मशीनवर फाईल बंद केली. वैशालीच्या मोबाइलवर ती उघडी होती, त्यात वरचं नानांचं नाव नाहीसं झालेलं आम्हा तिघांनाही दिसलं. आबांनी तेवढ्यापुरते डोळे मिटले.

त्याला आता वर्ष होईल. रवींद्र अक्कांना पुण्याला घेऊन गेला, वरचा मजला बंद आहे. गल्लीत कोणाकडे कोण आलं ते आता मला कळत नाही. जुनं गाव फाईलमध्ये पूर्ण आहे, आबांनी सांगितलेल्या घरासकट, निंब आणि पिंपळ दोन्ही झाडांसकट, हिरालालच्या चहासकट. फक्त ते एक वाक्य तसंच आहे. हिरालाल म्हणाला, पुरं करून टाकू, आबा नाही म्हणाले.

रोज दुपारी चारला झुलालआबांचं नाव वर येतं. ते काही लिहीत नाहीत. कर्सर त्या ओळीच्या शेवटाशी जाऊन उभा राहतो. मी खाली बॅच घेत असते, पोरांवर ओरडत असते, पण माझ्या मशीनवर ती फाईल उघडी असते. सहा वाजतात, साडेसहा होतात, पोरं घरी जातात. वैशालीचा फोन येईपर्यंत मी उठत नाही.